बेकु, ब्याडा

आमच्या घरी सकाळी आठच्या सुमारास रोज एक तंटा असतो. एका बाजूला माझी आठ वर्षांची नात, दुसऱ्या बाजूला तिची आज्जी आणि मध्ये शाळेचा डबा. आज्जीनं भाकरी बांधली की नात पाय आपटते, "ब्याडा!" चपाती दिसली की, "बेकु!" घरात मराठी आणि अंगणात कन्नड, तेव्हा हवं-नको तिनं कुठल्या भाषेत म्हटलं याचं संकेश्वरात कुणाला नवल नाही. आज्जीचं म्हणणं ठरलेलं, "लेकराला काय विचारायचं? घालू ते खायचं." माझा मुलगा पोरीची बाजू घेतो. आणि मी, प्राथमिक शाळेत जन्मभर पोरांना 'असा बस, असं लिही' सांगत आलेला माणूस, वर्तमानपत्रात तोंड घालून गप्प बसतो. या गप्प बसण्याला कारण आहे. तेच आज सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. म्हणजे आज नात आहे तेवढा. मोठ्यांच्या बोलण्यातून एवढंच कळलं होतं की आपल्याला कुणी विचारलं नाही. ती सल या भागात घरोघर राहिली, आमच्याही राहिली. गंमत अशी की, न विचारल्याचं दुःख उरी बाळगणाऱ्या आम्ही माणसांनी आपल्या पोरांना मात्र कधी काही विचारलं नाही.

मुलगा १९७८ सालचा. त्याचे केस किती बारीक कापायचे हे न्हाव्याला मी सांगे. शर्टाचं कापड मी आणी. आणि एक नियम होता, उंबऱ्याच्या आत फक्त मराठी. भिंतीपलीकडचं घर कन्नड, त्यांचा पोरगा याचा जिवलग. दोघं दिवसभर लगोरी खेळत, भांडत, हसत, ते सगळं कन्नडात. घरात येताना एखादा कन्नड शब्द तोंडात राहिला, तर मी त्याचा मराठी शब्द दहा वेळा लिहायला लावी. भाषा टिकावी हाच हेतू. त्याचं मराठी खरोखर चांगलं झालं. पण हळूहळू त्यानं गल्लीतल्या गोष्टी घरात सांगायच्या सोडल्या. जे कन्नडात घडलं ते मराठीत आणायचा कंटाळा, आणि कन्नडात सांगायची भीती. बाहेर बोलका आणि घरात मुका असा तो वाढला. आम्ही मात्र 'किती शांत पोरगा' म्हणून कौतुक करत राहिलो.

१९९९ मध्ये त्याला नोकरीच्या पहिल्या मुलाखतीसाठी शर्ट घ्यायला गेलो. दुकानदारानं कापडं उलगडून पुढं टाकली. एकवीस वर्षांचा पोरगा कापडाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हीच सांगा, आण्णा." दुकानदार म्हणाला, "गुरुजी, बंगारदंथा मगा!" सोन्यासारखा मुलगा. माझी छाती फुगली.

पुढं त्याला पुण्याला नोकरी लागली. एका रात्री एसटीडी बूथवरून फोन आला. दोन खोल्या बघितल्या होत्या, त्यातली कुठली घेऊ? मी दोन्ही बघितलेल्या नव्हत्या. म्हटलं, "तुला कुठली आवडली?" पलीकडे शांतता. बूथचं मीटर पळत असणार. मग हळू आवाज आला, "मला समजत नाही आण्णा. तुम्हीच सांगा." मी कुठलीतरी एक सांगितली आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप आली नाही.

पुढं एक बातमी वाचली आणि तो फोन पुन्हा आठवला. पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच हवं, असा आदेश कर्नाटक सरकारनं १९९४ मध्ये काढला होता. त्याचा खटला वर्षानुवर्षं चालला. शेवटी ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा, आणि मुलाच्या वतीनं आईबापांचा, असा त्याचा मथितार्थ. आमच्या भागात या निकालावर खूप चर्चा झाली, मराठीचं काय होणार, इंग्रजीचं काय. मी मात्र 'मुलाच्या वतीनं' या शब्दांपाशी अडलो. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं, तर निदान त्याला विचारून तरी यावं. मी तसा कधी गेलो नव्हतो.

आता मुलगा इकडेच असतो आणि दुसऱ्या टोकाला गेला आहे. पोरीला तो सगळंच विचारतो. काय खाणार, कधी झोपणार, औषध घेणार का? जूनमध्ये वह्यांच्या दुकानात नेऊन म्हणाला, "तुला हव्या त्या घे." वीस तऱ्हेची वेष्टनं बघून पोर गोंधळली आणि रडायला लागली. ते बघून मला मॉन्टेसरीबाईंची पद्धत आठवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ती आपल्या मातीत रुजवली. तिथं साहित्य मुलाच्या हाताला येईल अशा बुटक्या मांडणीवर असतं. त्यातलं काय उचलायचं ते मूल ठरवतं. पण मांडणीवर काय ठेवायचं, ते बाई ठरवतात.

आमच्या घरी आता साधारण तसंच चालतं. भाकरी की चपाती, हे नात आदल्या रात्री सांगते. रिकामा डबा नेता येत नाही. पुणे-बेंगळूरचा हमरस्ता ओलांडताना हात धरायचा की नाही, हे तिला विचारत नाही. औषधाचंही तसंच. पण रेनकोट घ्यायचा का, हे तिचं तिनं ठरवायचं. जुलैत एकदा 'ब्याडा' म्हणून गेली आणि चिंब होऊन आली. आज्जीनं मला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी पोरीनं न सांगता रेनकोट दप्तरात घातला.

परवा ती शाळेतलं भांडण सांगत होती, सगळं कन्नडात. 'मराठीत सांग' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. गोष्ट संपल्यावर तीच म्हणाली, "आता तुम्ही सांगा, आज्जा. पण मराठीत. तुमचं कन्नड बराबर नाही." दाराशी उभा मुलगा हसला.

गेल्या दिवाळीत तो एकटाच जाऊन शर्ट घेऊन आला. गडद जांभळा, त्यावर पांढऱ्या रेघा. "कसा आहे, आण्णा?" मला तो मुळीच आवडला नाही, आणि मी तसं सांगितलं. "असू दे," तो म्हणाला, आणि पाडव्याला तोच घालून ओवाळून घ्यायला बसला.