टॉपरची जागा

परवा लेकीने फोनवर ‘रॉक द कॅस्बा’चा व्हिडिओ लावला आणि म्हणाली, “बाबा, हा ड्रमर कसला भारी वाजवतोय!” मी मेथी निवडत होतो. “गाण्यात ऐकू येतोय तो हा नव्हे,” मी चढ्या आवाजात म्हणालो. पोरगी दचकली.

हे बोलणं माझ्या आतेभावाचं, बापूदादाचं. डोंबिवलीला त्याच्याकडे ‘द क्लॅश’ची एक भरून आणलेली कॅसेट होती. आतल्या कार्डावर त्याने निळ्या बॉलपेनने नावं लिहिली होती. जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमनन एका ओळीत. खाली ड्रम्स: टेरी चाइम्स, काट. टॉपर हेडन, काट. पुन्हा टेरी. टॉपरच्या नावावरची काट इतकी दाबून मारलेली, की कार्डाच्या मागच्या बाजूला बोटाला लागायची.

१९७६ साली लंडनमध्ये जमलेला हा बँड. कीथ लेव्हिन हा गिटारवाला पहिला अल्बम निघायच्या आतच बाहेर पडला. टेरीने १९७७ च्या त्या अल्बमवर ड्रम्स वाजवले, पण वेष्टनावर त्याचं नाव छापलं ‘टोरी क्राइम्स’. मग टॉपर आला. पंक म्हणजे नुसता आरडाओरडा म्हणणाऱ्यांनी १९७९ चा ‘लंडन कॉलिंग’ ऐकावा. रेगे, जॅझ, स्का, सगळं त्या एका माणसाच्या मनगटात होतं.

‘रॉक द कॅस्बा’ची चालही त्याचीच. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत बाकीचे पोचायच्या आत त्याने ड्रम्स वाजवले, मग पियानो, मग बास. शब्द स्ट्रमरने घातले. आणि १९८२ च्या मे महिन्यात हेरॉइनपायी टॉपरला काढलं. टेक्सासमध्ये व्हिडिओचं शूटिंग झालं तेव्हा ड्रम्सवर टेरी होता. गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं.

व्यसनात बुडालेल्या माणसाला घेऊन गावोगाव हिंडणं सोपं नसणार, हे कळतं. पटत मात्र नाही. पुढच्याच वर्षी मिक जोन्सलाही घालवलं. नव्या पोरांना घेऊन १९८५ मध्ये ‘कट द क्रॅप’ काढला. तो मला ऐकवत नाही. १९८६ मध्ये सगळं मिटलं. टॉपर गेल्यावर बँडमध्ये राम उरला नव्हता, हे स्ट्रमरने पुढे स्वतःच कबूल केलं.

दादा कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. आत्याचं दुखणं निघालं, त्याचा सराव चुकत गेला आणि गॅदरिंगला त्याच्या जागी दुसराच मुलगा बसला. गाणी दादानेच बसवलेली. मी त्याच्याबरोबर होतो. तो शेवटपर्यंत थांबला, मग स्टेजमागे जाऊन त्या मुलाला म्हणाला, “तिसऱ्या गाण्यातली ती जागा छान घेतलीस.” त्या मुलाचा राग मी आजवर धरून आहे. दादाने कधीच धरला नाही.

२००८ च्या जानेवारीत लंडनला मिक जोन्सच्या नव्या बँडबरोबर टॉपर पुन्हा स्टेजवर बसला, जुनं गाणं वाजवलं. बातमी वाचून माझे डोळे भरले. लगोलग दादाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि टेरी? तो काय करतो आता?”

मला ठाऊक होतं. टेरी कायरोप्रॅक्टर झाला होता, लोकांच्या पाठी-मणक्यांवर उपचार करायचा. दादाला त्याचं फार बरं वाटलं.