माजरीचे भाऊजी

माजरी जंक्शनला उतरून कोणालाही "भाऊजींचं क्वार्टर कुठी हाय जी?" असं विचारलं असतं, तर त्यानं ते बोट करून दाखवलं असतं. खरं म्हणजे ते फक्त माझे भाऊजी. माझ्या मोठ्या बहिणीचे, आम्ही जिला बाई म्हणतो तिचे मालक. पण मी तरुणपणी स्टेशनवर त्यांना "भाऊजी" म्हणून हाक मारायचो, ती चहावाल्यानं उचलली, त्याच्यापासून खाणीतल्या लोकांनी उचलली. मग बिहारी, तेलुगू, छत्तीसगढी, सारेच त्यांना भाऊजी म्हणू लागले.

माजरी हे गाव तसंच आहे. दिल्ली-मद्रासची मोठी लाईन, तिथूनच वणीकडे जाणारा फाटा, बाजूला वर्धा नदी आणि जमिनीखाली कोळसा. 1973 साली कोळशाच्या खाणी सरकारच्या झाल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी भाऊजी खाणीत लागले. त्याआधी ते आमच्यासारखेच कास्तकार. खाणीत लागल्यावरही त्यांची कास्तकाराची खोड गेली नाही. पाळीवरून सुटले की कॉलनीत न जाता स्टेशनच्या टपरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "तुमच्याकडं पाणी कसं हाय जी? पऱ्हाटी कशी हाय?"

दुसरा प्रश्न ठरलेला. "जेवला का गा?"

समोरच्यानं "नाही" म्हटलं की त्याचा हात धरून घरी न्यायचे. "हो" म्हटलं तरी न्यायचे. "मंग चहा घे." चहाचं जेवण व्हायला वेळ लागत नसे. बाईच्या स्वयंपाकघरात महिन्याचा गहू वीस दिवसांत संपायचा. दोन पोरं, एक पोरगी आणि बाहेरचं कोणीतरी एक, असा हिशेब धरूनच ती कणीक मळायची. तिसरी पाळी सुटल्यावर पहाटे भाऊजी दोन नवीन पोट्टे घेऊन यायचे. "हे आजच लागले. यायचं इथं कोणी नाही." बाई डोळे चोळत स्टो पेटवायची. मी कधी मुक्कामाला असलो तर हे सारं पाहायचो आणि मला भाऊजींचा राग यायचा. हा माणूस गावभर भाऊजी, आणि माझी बहीण रात्रंदिवस चुलीपुढं.

मी अबोल माणूस. माझं गाव माजरीपासून दोन कोसांवर, सात एकर वावर. चार माणसांत बसलो की मला घाम फुटतो. भाऊजी वावरात आले की सालदाराशी बोलत, बैलांशी बोलत, धुऱ्यावरून जाणाऱ्याला थांबवून बोलत. माझं अर्धं काम बुडे. एकदा मी बाईला म्हटलं, "यायच्या तोंडाले कधी कुलूप लागन का व?" बाई हसली नाही. म्हणाली, "झोपले की लागते."

त्यांनी किती सोयरिकी जुळवल्या त्याचा हिशेब नाही. वरोऱ्याचा मुलगा, भद्रावतीची मुलगी, वणीकडचं घराणं, सारं त्यांच्या डोक्यात. कोणाच्या घरी मयत झाली की लाकडं आणायला पुढं, कोणाचा पोट्टा दहावी झाला की पेढे वाटायला हेच. चैतात चंद्रपूरला महाकालीची जत्रा भरते. नांदेड, परभणीकडचे लोक झुंडीनं येतात, झरपट नदीत आंघोळ करून देवीला जातात. एका वर्षी पॅसेंजरमध्ये नांदेडकडचं एक कुटुंब भाऊजींच्या शेजारी बसलं. भांदक, ताडाळी, चंद्रपूर, एवढ्याच प्रवासात ते पाहुणे झाले. पुढं पंधरा-सोळा वर्षं ते जत्रेला जाताना माजरीला उतरत, बाईच्या हातचं वरण-भात, वांग्याची भाजी खात आणि मग देवीला जात.

हे झालं गमतीचं. आता जे सांगायचं आहे ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

2006 चं साल. आदल्या दोन वर्षांत कापसानं मारलं होतं. सोसायटीचं कर्ज थकलेलं, कृषी केंद्राची उधारी, पोरीच्या लग्नाचे घेतलेले पैसे. 1 जुलैला पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. नदीच्या पलीकडचा यवतमाळ त्यात होता, वर्धा होता. चंद्रपूर नव्हतं. आमच्या वावरातून पलीकडची बैलं दिसतात. माती तीच, पऱ्हाटी तीच, सावकारही कधी कधी तोच. पण नदी आडवी आली. ऑगस्टमध्ये तीच नदी चढली आणि खालची तीन एकर पऱ्हाटी पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर नुसते काळे फोक उभे होते.

आमच्याकडं "त्यानं औषध घेतलं" असं कोणी म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही. त्या दिवसांत मी वावरातल्या खोपडीत एकटा बसून राहायचो. फवारणीचा नवा डबा कोपऱ्यात होता. फवारायला पऱ्हाटीच उरली नव्हती, तरी मी तो घरी नेला नव्हता. एवढंच लिहितो.

एका दुपारी भाऊजी सायकल ढकलत चिखलातून आले. त्यांचा रेस्टचा दिवस होता. खोपडीच्या दारात उभे राहिले, माझ्याकडं पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. नेहमीसारखं "जेवला का गा?" म्हणाले नाहीत. आत येऊन माझ्याजवळ बसले. बराच वेळ बसले. मग उठून डबा उचलला.

"साळेबुवा, हा मी नेतो. कॉलनीतल्या झाडायले कीड लागून राह्यली."

त्यांच्या क्वार्टरपुढं एक तुळस होती. दुसरं झाड नव्हतं. हे मलाही ठाऊक होतं, त्यांनाही. मी म्हटलं, "न्या." त्यांनी डबा कॅरिअरला दुपट्ट्यानं बांधला आणि म्हणाले, "चाल, तूबी चाल. बाईनं बलावलं." बाईनं बोलावलं नव्हतं. मी आठ दिवस माजरीला राहिलो.

त्या आठ दिवसांत त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. उपदेश केला नाही. फक्त एकटं बसू दिलं नाही. टपरीवर न्यायचे, "हा माहा साळा, पक्का कास्तकार," म्हणून ओळख करून द्यायचे. पैसे त्यांच्याजवळही नव्हते, ते साऱ्या गावात वाटलेले. पण माणसं होती. कृषी केंद्रवाल्याच्या पोरीची सोयरीक त्यांनीच जुळवली होती. त्याच्याकडं मला घेऊन गेले, चहा प्याले, पाऊण तास इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "याचं औंदा होत नाही. पुढच्या कापसाले पाहू." तो थांबला. व्याज न लावता थांबला. ज्या गप्पांना मी रिकामटेकड्या म्हणायचो, त्यांच्याच जोरावर माझी उधारी एक वर्ष पुढं गेली.

पुढं ते प्रत्येक रेस्टला आले, थेट उन्हाळ्यापर्यंत. चैतात मला धरून महाकालीला नेलं. 2008 ला कर्जमाफी आली, पण ती पूर्ण माफी पाच एकरांपर्यंत. माझं वावर सात एकर, म्हणून बाकीचं भरलं तर चौथा हिस्सा सूट. एक बैलजोडी विकून भरलं. त्या वेळी बैल विकताना मी रडलो, पण खोपडीत बसलो नाही.

भाऊजी एप्रिल 2021 मध्ये गेले. कोरोनाचे दिवस. चंद्रपूरच्या दवाखान्यातून गाडी परस्पर घाटावर गेली. दोन पोरं, मी आणि कामाची माणसं. ज्या माणसानं अर्ध्या माजरीला खांदा दिला, त्याला खांदा द्यायला कोणी नव्हतं. तेरवीला घरचीच माणसं जेवली. बाई तेव्हा रडलीही नाही. पानाकडं पाहून म्हणाली, "आज कणीक उरली."

वर्षश्राद्धाला आम्ही कोणाला चिठ्ठी दिली नव्हती. तरी लोक आले. रिटायर होऊन बिहारला गेलेला एक जण मुलाला घेऊन आला. नांदेडवाले आले. ज्यांच्या सोयरिकी जुळवल्या ते आपापली लेकरं घेऊन आले. अंगणात तीन पंगती उठल्या. जो तो भाऊजींची एक एक गोष्ट सांगत होता. बाई ओसरीत बसून ऐकत होती.

रात्री भांडी घासून झाल्यावर मी तिला म्हटलं, "बाई, यायच्या माणसायपायी तुले लय तरास झाला."

"झाला ना. खोटं कायले बोलू? साऱ्यायचे होते ते, माह्या वाट्याले झोपेतले आले." मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्या पावसाळ्यात तुले घेऊन आले तवा डबा मले दाखवला. म्हणे, कोणाले सांगू नोको, पोरायलेबी नाही. तू आत झोपला होता. ते रातभर दारात खाटेवर बसून होते. इतके वर्षं झाले, बोलल्याबिगर गेलेली तेवढीच रात. तवापासून कोणी दारात आला की मले वाटे, याच्याबी घरी एखादा डबा असन. मंग उठावाचं जीवावर नाही आलं."

मी काही बोललो नाही. जगातलं सारं टपरीवर सांगणाऱ्या माणसानं माझी ही एक गोष्ट पंधरा वर्षं पोटात ठेवली होती. मलाही कधी दाखवून दिली नव्हती.

बोलणं मला अजून जमत नाही. पण हल्ली धुऱ्यावरून कोणी एकटा जाताना दिसला की मी वखर थांबवतो आणि विचारतो, "जेवला का गा?"