पाऊस, बोगदा आणि एक गुहा : चला सालेकसा!

रामटेक झालं, पेंच झालं, चिखलदऱ्याचे फोटोही लॅपटॉपमध्ये पडून आहेत. आता या वीकएंडला कुठे? माझं उत्तर : सालेकसा!

‘तिकडे? नक्षली भाग ना तो?’ ऑफिसात हाच प्रश्न आला. या तालुक्याचं नाव वर्षानुवर्षं पेपरात त्याच कारणासाठी यायचं. पण गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीशी बसा, मग बोला. आमगाव सुटलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. श्रावणात त्या पाण्याने काठोकाठ भरतात आणि मधल्या टेकड्या चक्क बेटांसारख्या दिसतात. समुद्राशिवायची बेटं, तीही विदर्भात!

सालेकसाच्या पुढचं स्टेशन दरेकसा. इथे रेल्वे डोंगरात शिरते, बोगदा लागतो आणि जवळच कोसळत असतो हाजरा फॉल. स्टेशनवरून चालत जाता येतं. वरून धो-धो पाणी, खाली कुंड, भोवती गर्द जंगल. गावातली पोरंच इथली व्यवस्था बघतात, त्यामुळे तिकिटाचे पैसे द्यायला मला जिवावर आलं नाही. भिजा, ओरडा, फोटो काढा. फक्त शेवाळलेल्या दगडांवर हिरोगिरी नको आणि कुंडात उतरायचा मोह तर अजिबात नको.

पण खरी गंमत पुढे आहे. धनेगावहून जंगलातली चढण चढलं की कचारगडची गुहा येते. तिचं ते अवाढव्य तोंड बघून मी तर गप्पच झालो. गोंड समाजासाठी हे मूळस्थान. कली कंकाली मातेची मुलं इथे कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली, अशी श्रद्धा आहे. गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या जागेची ओळख दूरवर पोहोचवली. आज माघ पौर्णिमेच्या यात्रेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात.

म्हणूनच एक सांगतो. धबधब्यावरचा पिकनिक मूड घेऊन गुहेत शिरू नका. आपल्यासाठी तो ‘स्पॉट’ असेल, कुणासाठी ते देवघर आहे. स्पीकर बॅगेतच ठेवा, चिप्सची पाकिटं परत आणा. वाटेत कुणी भेटलं तर ‘जय सेवा’ म्हणा. त्या दोन शब्दांनी मला समोरून हसू मिळालं, रस्ता मिळाला आणि वर गप्पाही.

कसं जाल? नागपूर ते गोंदिया रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, पुढे लोकलने दरेकसा. परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.
कधी जाल? धबधब्यासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर, यात्रेसाठी माघ पौर्णिमा.
सोबत काय? चांगले बूट, पाणी, डबा. आणि थोडा अदबीचा आवाज!