किल्ला, चर्च आणि बाजार

नगर कशाने वसते? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर-बोईसर मार्गावरील आपल्या कोळगावात जिल्हा मुख्यालयाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. त्या भव्य इमारतींवरून जाताना हा प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो.

सेमिनरीत चर्चच्या इतिहासाचा अभ्यास करताना इंग्लंडमधील सॉल्झबरी नगराची हकिकत वाचनात आली होती. तेथील पूर्वीचे कॅथेड्रल ओल्ड सारम नावाच्या टेकडीवर, राजाच्या गढीच्या आवारात होते. वर पाण्याची टंचाई, जोराचा वारा आणि शेजारच्या शिपायांशी नित्याचे खटके! अखेर बिशप रिचर्ड पुअर यांनी टेकडी सोडण्याचे ठरविले. १२२० साली खाली नदीकाठच्या कुरणात नव्या कॅथेड्रलची कोनशिला बसली. त्याबरोबरच रस्ते आखले गेले, घरांसाठी जागा पाडल्या गेल्या आणि बाजारासाठी मोठा चौक राखला गेला. १२२७ साली राजा तिसरा हेन्री याने नगराला सनद दिली. लोकर व कापडाच्या व्यापारावर ते नगर भरभराटीस आले. जमिनीचे भाडे आणि बाजाराचा कर बिशपांकडे जात असे, त्यामुळे व्यापारी व बिशप यांच्यात शतकानुशतके कुरबुरी चालल्या. १६१२ च्या सनदेने नागरिकांना स्वतःचा कारभार मिळाला. परंतु बाजार मोडला नाही. आजही मंगळवारी व शनिवारी तो भरतो. ओल्ड सारमवर मात्र केवळ पायाचे दगड उरले आहेत.

ही कथा दूरदेशीची वाटली, तरी आपल्या वसईची कथा हिच्याहून फारशी वेगळी नाही.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. तटबंदीच्या आत वाडे, मठ आणि चर्चे उभी राहिली. किल्ल्यातील संत जोसेफ चर्चला अनेक जण कॅथेड्रल म्हणतात, परंतु तेथे बिशपांचे पीठ नव्हते, धर्माधिकार गोव्याकडे होता. वसईचा काळा दगड जहाजांतून गोव्यापर्यंत गेला, तेथील बॉम जेझू बासिलिकेच्या घडणीत तो दिसतो. संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. सत्ता गेली, तसे सत्तेच्या आधाराने राहणारे नगरही गेले. वाड्यांची छपरे कोसळली, चर्चच्या भिंतींवर वड-पिंपळ उगवले. तटाबाहेरच्या गावांतील ख्रिस्ती शेतकरी मात्र कोठेही गेला नाही. केळीच्या बागा, पानवेली, भाताची शेते आणि विहिरी यांवर त्याचा संसार उभा होता. किल्लेदार कोण, यावर त्याची चूल अवलंबून नव्हती. १८६४ साली लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि पुढे वसईची भाजी, फुले, दूध मुंबईच्या बाजारांत जाऊ लागले. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी तर वसईची ओळखच ठरली. पाटी डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी गाठणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या कष्टांतून कितीतरी मुलांची शिक्षणे झाली.

२२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांताची स्थापना झाली आणि बिशपांचे पीठ पापडीच्या कृपामाता चर्चमध्ये आले. ते किल्ल्याच्या तटाबाहेर, लोकांच्या वस्तीत, बाजाराच्या सान्निध्यात आहे. या गोष्टीचा मला विशेष आनंद वाटतो. सॉल्झबरीचे कॅथेड्रल टेकडीवरून खाली उतरले. आपले पीठ प्रथमपासूनच खाली, माणसांत आहे.

परंतु शेती टिकली तरच असा बाजार टिकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचे संकट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. त्यानंतरही कित्येक वाड्या गेल्या, विहिरी खाऱ्या झाल्या. जेथे मळे होते तेथे आज बाहेरून आलेली भाजी विकत घ्यावी लागते.

म्हणूनच कोळगावची काळजी वाटते. आपल्या जिल्ह्याजवळ काय नाही? सातपाटीची मासळी, केळवे-माहीमची पाने, बहाडोलीची जांभळे, घोलवडचे चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ! पावसाळ्यात आदिवासी भगिनी शेवळी, कंटोळी, टाकळा घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही. मुख्यालयात कागद घेऊन आलेला जव्हार-मोखाड्याचा माणूस त्याच दिवशी आपले चार पैशांचे पीक विकू शकला, तर त्याच्या एसटीच्या भाड्याचे तरी सार्थक होईल.

नव्या नगराच्या नकाशात बाजाराचा चौक आताच राखला जावा, त्याला छप्पर व पाणी मिळावे आणि त्यात पहिला हक्क पिकविणाऱ्याचा व मासळी आणणाऱ्या भगिनींचा असावा. आपल्या ग्रामसभांनी व धर्मग्रामांतील मंडळांनी हा आग्रह धरावा. जमिनीचे भाव वाढल्यावर चौकासाठी जागा मागणे व्यर्थ ठरेल.