आजोबांची खुर्ची

ज्यास आपण दोष देतों तोच खरा दोषी असतो असें नाहीं, हा धडा आम्हांस गेल्या दिवाळीच्या सुटींत घरींच मिळाला.

आमचे आजोबा नाटकांचे मोठे शौकीन. केशवराव भोसले नाट्यगृह म्हणजे त्यांचें जणुं दुसरें घरच. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१५ सालीं उभारलेलें हें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरेच दिवशीं केशवरावांची जयंती होती! त्यानंतर आजोबांची संध्याकाळ घरींच जाऊं लागली. त्यांचें मन रमावें म्हणून वडिलांनीं आमच्या २४ फूट लांब दिवाणखान्यांत मोठा पडदा, रिसीव्हर आणि स्पीकर बसविले.

पहिला मान ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचा. प्रभात कंपनीनें तो १९३२ सालीं आपल्या कोल्हापुरांतच काढला. आजोबा १३ फुटांवर आपल्या आरामखुर्चींत बसले. “जरा मोठ्यानें लावा,” असें ते म्हणत, आणि आम्ही आवाज वाढवीत असूं. परंतु आवाज वाढे तसतशी खरखरच अधिक होई. चित्रपट जुना, म्हणून असें होत असेल, असें आम्हांस वाटलें. पण नवा चित्रपट लावला तरी तीच गत! तेव्हां आजोबा उठले व म्हणाले, “बाळांनो, आतां आमचे कान गेले. तुम्ही पाहा.” दुसरे दिवशीं ते दिवाणखान्यांत आलेच नाहींत.

चार दिवसांनीं पाऊस आला म्हणून ते खिडकी लावावयास स्पीकरजवळ गेले. तेव्हां आवाज अगदीं हळू होता. तरीहि ऐकलेलें वाक्य त्यांनीं जसेंच्या तसें म्हणून दाखविलें. मग दोष केवळ कानांचा कसा? आम्ही ही शंका आमच्या पदार्थविज्ञानाच्या गुरुजींपुढें ठेविली.

गुरुजींनीं फळ्यावर हिशेब मांडला. आमचा स्पीकर १ वॅट शक्तींत १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतो. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ६ डेसिबल घटतात. म्हणजे ४ मीटरवर, जेथें आजोबांची खुर्ची होती, ७४ च उरतात. खोलींत भिंतींमुळें ही घट थोडी कमी होते, इतकेंच. उलट शक्ति दुप्पट केली तरी वाढ अवघी ३ डेसिबलची! रिसीव्हरच्या खोक्यावर मोठे आंकडे छापलेले होते. पण पुस्तिकेप्रमाणें तो एकेका स्पीकरास सतत ४० वॅटच देऊं शकत होता. त्यामुळें आवाजाची मर्यादा सुमारें ९० डेसिबल. बोलण्यागाण्यांतील क्षणिक उसळ्या सरासरीहून १५ ते २० डेसिबल वर जातात. त्यांस जागा उरेना. शक्ति संपली कीं रिसीव्हर ध्वनिलहरींचीं शिखरें छाटून टाकतो, आणि तीच ती खरखर. अशानें बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर जळूनहि जातो. म्हणजे दुबळें यंत्र ताणल्यानेंहि स्पीकरांचा घात होतो.

उपाय तीन निघाले. रिसीव्हर चौपट शक्तीचा घ्यावा. किंवा तेवढ्याच शक्तींत ९२ डेसिबल देणारे स्पीकर आणावेत. किंवा अंतर निम्मे करावें. तिहींचा लाभ एकच, ६ डेसिबल! पहिल्या दोहोंस पैसा लागणार होता, तिसऱ्यास कांहींच नाहीं.

त्याच सायंकाळीं आम्ही दोघां भावंडांनीं आरामखुर्ची उचलून साडेसहा फुटांवर ठेविली आणि आजोबांस हात धरून आणलें. यंत्राचा कान आम्ही मागील खुणेपेक्षां पुष्कळ खालींच ठेविला होता. कांहीं वेळ ते स्तब्ध होते. मग मांडीवर त्यांच्या बोटांनीं ताल धरला, आणि खरखर कोठेंच नव्हती.

चार दिवस आम्ही सर्वजण आजोबांच्या कानांस दोष देत होतों, आणि त्यांनींहि तो मुकाट्यानें मान्य केला होता. याची आम्हांस अजून लाज वाटते. घरांतील वृद्धांस ऐकूं येत नाहींसें झालें, म्हणजे आवाज चढविण्यापूर्वीं आपण त्यांच्याजवळ जाऊन बसावें, एवढेंच आम्ही यांतून शिकलों.