माळ्यावरची रॅकेट

गुडघ्याने साथ सोडली तेव्हा मी रॅकेट माळ्यावर टाकली आणि महाविद्यालयीन दिवसांपासूनचे टेनिसचे नाते संपले, असे मानले. आर्थर ॲश यांच्या जीवनकथेने तो समज खोटा ठरवला.

वर्णभेदाच्या काळात अमेरिकेतील रिचमंड शहरात वाढलेल्या या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांच्या कोर्टावर मज्जाव होता. पुढे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना, १९६५ साली, त्याने राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन एकेरीचे विजेतेपद पटकावले. १९६८ साली अमेरिकन खुली स्पर्धा आणि १९७५ साली विम्बल्डनही त्याने जिंकले.

मला मात्र ॲश यांचे १९६९ मधले काम अधिक मोलाचे वाटते. शहरांतील गरीब वस्त्यांमधल्या मुलांना टेनिस शिकता यावे, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह एक उपक्रम उभारला. १९७९ साली हृदयविकाराचा झटका आला, १९८० साली स्पर्धात्मक खेळ सुटला. तरीही १९८१ पासून त्यांनी डेव्हिस चषकासाठी अमेरिकन संघाचे नेतृत्व केले. १९९३ साली ते गेले. ज्याला कोर्टाबाहेर ठेवले, त्यानेच इतरांसाठी कोर्टाचे दार उघडले!

परवा मी रॅकेट खाली काढली. नातीच्या हाताला ती अजून जड होते. पण तिच्याकडे चेंडू टाकायला गुडघा कशाला हवा?