गंगेच्या काठी, दगडाखाली

कोपरगावात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. सगळे गंगाच म्हणतात. ‘गंगेला पाणी आलं’, ‘गंगेवर जाऊन येतो’ असेच बोलणे. नगर-मनमाड रस्त्याच्या पुलावर एस.टी. आली की एखादी म्हातारी अजून खिडकीतून हात जोडते. बेटावर शुक्राचार्यांचे देऊळ आहे आणि कच-देवयानीची कथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. राघोबादादा पेशवे १७८३ साली याच गावी वारले. पुढे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले आणि तालुक्याच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला.

ही गंगा वाचकांना ठाऊकच आहे. मी आज दाखवणार आहे ती गंगा गुडघाभर पाण्यात, गोट्यांच्या खाली असते. ती पाहायची तर धोतर-पायजमा वर खोचून पाण्यात उतरावे लागते.

दिवाळी उरकली की पाणी निवळते. अशाच एका रविवारी सकाळी गावापासून बरेच वर, जिथे नदी गोट्यांवरून खळखळत येऊन डोहात शिरते, तिथे मी कळकाची काठी घेऊन उभा होतो. काठीला तेवढ्याच लांबीचा तंगूस आणि टोकाला बारीकसा गळ. जाळे टाकण्यात जन्म गेलेले एक तात्या काठावर बिडी ओढत माझी गंमत पाहत होते.

“काय साहेब, गांडूळ न्हाई, कणीक न्हाई, तरंगाया पीस न्हाई. मग मासा काय तुमच्या तोंडाकडं बघून यायचा?”

“तात्या, गळाला किडा लावलाय.”

त्यांनी गळ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हा तर तांब्याच्या तारेचा हाय की!”

होता खरा तारेचाच. ही विद्या मी शिकलो ती इथून फार दूर, हिमाचल प्रदेशात. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा घेऊन मी कुलूच्या खोऱ्यात गेलो होतो. सफरचंदाच्या बागा पाहून झाल्यावर आम्हाला पतलीकुहल येथील सरकारी ट्राऊट केंद्र दाखवले. ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा. तो मूळचा आपला नव्हे, इंग्रजांच्या काळात हिमालयातल्या नद्यांत आणून सोडलेला. त्याला बर्फाचे वितळलेले, हवा भरपूर मिसळलेले, खळाळते पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापले की त्याचा जीव घाबरा होतो. आपल्या गंगेत तो एक उन्हाळाही काढणार नाही.

संध्याकाळी बियास नदीच्या काठी एक पहाडी गृहस्थ मासे धरताना दिसला. तिथे त्यासाठी परवाना काढावा लागतो आणि मासे अंडी घालतात त्या थंडीच्या दिवसांत बंदी असते. याचा परवाना खिशात होता. आधी त्याने काय केले म्हणाल, तर पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला आणि मला जवळ बोलावले. दगडाच्या पोटाला चपट्या अंगाचे, सहा पायांचे, शेपटीला तीन केस असलेले किडे चिकटलेले होते. तो म्हणाला, “साहब, मछली का अनाज यहाँ है.” माशाचे धान्य इथे आहे!

कृषी पदवीधर असूनही मी हे कधी पाहिले नव्हते. पण ते समजायला मला वेळ लागला नाही आणि तुम्हालाही लागणार नाही. बोंडअळीचा जन्म आपल्याला माहीत आहे : अंडे, अळी, कोष आणि पतंग. तुडतुड्याचे तसे नसते. अंड्यातून निघते ते पिल्लू आईबापांसारखेच दिसते, फक्त त्याला पंख नसतात. कात टाकत ते मोठे होते, मध्ये कोष नाही. चतुर, टाचणी आणि मे-फ्लाय नावाची नाजूक माशी यांचेही असेच. फरक एवढाच, की यांची पिल्ले पाण्यात वाढतात. इंग्रजीत या पिल्लाला ‘निम्फ’ म्हणतात. मे-फ्लायला पंख फुटले की ती जेमतेम एखाद-दोन दिवस जगते. तिचे खरे आयुष्य दगडाखालीच जाते. त्यामुळे मासा वर उडणाऱ्या माशीवर क्वचित झडप घालत असला, तरी त्याचे रोजचे जेवण तळाशी असते.

इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयर नावाचा माणूस एव्हन नदीची राखण करी. आयुष्यभर नदीकाठी फिरून त्याने ही गोष्ट बारकाईने पाहिली आणि १९५८ साली पुस्तकात लिहिली. त्याचा नकली किडा फार साधा. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. दोरासुद्धा नाही. तारेने पीस बांधले जाते आणि तारेच्याच वजनाने किडा तळाशी जातो.

गावी परतल्यावर मी विचार केला, फेझंट कुठून आणायचा? पण कोंबड्याचे तपकिरी पीस घराघरांत मिळते. आणि तांब्याची तार? जळालेल्या मोटारीचे वायंडिंग नाही असा बागायतदार आपल्या तालुक्यात दाखवा! त्यातली केसाएवढी तार काढायची. लहान गळाच्या दांडीवर ती गुंडाळून पुढच्या बाजूला थोडा फुगवटा करायचा. पिसाचे तीन-चार तंतू शेपटीसारखे मागे ठेवून बाकीचे अंगावर वळायचे आणि तारेने आवळून टाकायचे. गव्हाच्या दाण्याहून किंचित मोठा किडा झाला पाहिजे. जास्त सजवू नये.

आता टाकायची रीत. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. जिथे खळाळ संपून डोह सुरू होतो, तिथे थोडा वरच्या अंगाला किडा टाकावा. तो बुडाला की काठीचे टोक प्रवाहाच्याच चालीने खाली न्यावे. दोरी ओढायची नाही, फार ढिलीही सोडायची नाही. औताला नवा बैल जुंपल्यावर कासरा धरतो तशी धरावी. दोरीला लाल लोकरीची बारीक गाठ मारून तिच्यावर डोळा ठेवावा. गाठ थबकली, बुडाली किंवा बाजूला सरकली की मनगटानेच काठी हलकी उचलावी. दहापैकी आठ वेळा दगड निघेल, तरी उचलावी. काही झाले नाही तर शेवटी किडा हळूच वर उचलत आणावा. पंख फुटायच्या वेळी खरे पिल्लू असेच वर येते आणि मासा नेमका तेव्हा मोह आवरू शकत नाही. ही सॉयरचीच युक्ती.

तर त्या सकाळी तासाभराने लाल गाठ थबकली. काठी उचलली, तर तळहाताएवढी चिलापी! तात्यांनी बिडी टाकली आणि उठून उभे राहिले.

“साहेब, ह्ये काय नवीन न्हाई बरं का. आमचा बाप दगड उलथून बघायचा. किडा असंल तर जाळं टाकायचा, नसंल तर पुढं जायचा.”

मी गप्पच झालो. हिमाचलपर्यंत जाऊन मी जे शिकून आलो, ते इथल्या माणसाच्या बापाला ठाऊक होते.

मग आम्ही दोघे दगड उलटत खाली खाली येत गेलो. वरच्या खळाळात मे-फ्लायची पिल्ले होती, वाळूच्या नळीत घर करून राहणारे किडे होते आणि चतुराची दांडगी पिल्लेही होती. ही चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खातात, म्हणजे आपली मित्रच. पण वस्ती जवळ आली, पाणी संथ आणि वासाचे झाले, तसे दगडाखाली काही दिसेना. शेवटी चिखलात नुसते तांबडे, दोऱ्यासारखे किडे वळवळत होते. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखे तांबडे द्रव्य असते, म्हणून जिथे पाण्यात प्राणवायू उरत नाही तिथेही ते तग धरतात. शेतकरी बंधूंनो, पाण्याची ही परीक्षा फुकट आहे. दगडाखाली तीन शेपट्यांचे पिल्लू दिसले तर पाणी बरे आहे असे समजा. नुसते तांबडे किडे दिसले तर पाणी आजारी आहे.

आता एक कबुली देतो. नोकरीची पहिलीच वर्षे होती. दुसऱ्या एका तालुक्यात कपाशीवर बोंडअळीसाठी एन्डोसल्फानच्या फवारणीचे प्रात्यक्षिक मी घेतले. ते झाल्यावर पोरांना म्हणालो, “पंप ओढ्यात धुऊन आणा.” दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या कडेला बोटाएवढे मासे आणि झिंगे पांढरे पोट वर करून पडलेले. एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. मला म्हणाली, “साहेब, तुमच्या औषधानं कपाशीची कीड मेली का न्हाई ठाऊक न्हाई, पण आमचं कालवण मेलं.” त्या बाईला मी काही उत्तर देऊ शकलो नाही. एन्डोसल्फानवर २०११ साली बंदी आली, पण आज आपण वापरतो त्यांतली कितीतरी औषधे, विशेषतः सायपरमेथ्रिनच्या जातीची, माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना थोड्याशा मात्रेतही मारक आहेत. बोंडअळी आणि मे-फ्लाय यांत औषध भेद करत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून एवढेच करा. बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावरच मारा. पंप ओढ्यात, चारीत, विहिरीच्या काठी धुऊ नका. ओढ्याकडेच्या चार-सहा सऱ्या फवारणीविना सोडा. आभाळ भरून आले असेल तर फवारणी उद्यावर टाका. रिकाम्या बाटलीला भोके पाडा, ती पाण्यात भिरकावू नका.

आणि मुलांना सुट्टीत गळ शिकवायचा असेल तर जरूर शिकवा, पण मोठे माणूस बरोबर हवे. वरून कधी पाणी सोडतील याचा नेम नसतो. तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा काठी माळ्यावरच असू द्या. आपल्यापैकी बरेच जण माळकरी आहेत, त्यांना गळ नको. पण दगड उलटून पाहायला माळ आड येत नाही.

निघताना तात्यांनी चिलापी पिशवीत घातली आणि मी उलटून ठेवलेला दगड हलक्या हाताने पुन्हा पालथा घातला. म्हणाले, “साहेब, बघून झालं की दार लावून घ्यावं. आत लेकरं हायेत.”